बाळाचं पीठ

आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या मागे दोन बरण्या होत्या. दोन्हींत पीठ. एकीवर मी स्केचपेननं 'चिमी – खायचं' असं लिहिलं होतं आणि दुसरीवर 'चिमी – लावायचं'. पहिल्या बरणीतलं चिमी थुंकायची, आणि दुसरीतलं, आंघोळीत एखादा हात मोकळा सापडला की, चाटून खायची. एवढ्यावरून काय ते कळायला हवं होतं. पण आम्ही नवराबायको दोघंही पदव्युत्तर.

चिमी व्हायच्या आधीच ठरलं होतं, की हिला सगळं नैसर्गिक. बायको सातव्या महिन्यात पुस्तकं घेऊन बसली आणि मी ऐकायला बसलो. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम सिअर्स यांनी पत्नीच्या साथीनं १९९३ साली 'द बेबी बुक' लिहिलं. बाळाला अंगाला बांधून वावरा, जवळ घेऊन झोपा, रडलं की लगेच उचला, असा त्यांचा एकूण रोख. आम्ही हे नवं ज्ञान सांगलीला फोन करून आईला ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे झोळी की रे. आणि जवळ झोपवायचं म्हणजे? तुला काय गोठ्यात झोपवत होते मी?" आम्ही तरीही अडीच हजार रुपयांची झोळी मागवली. तिला चार बकलं होती आणि ती कशी बांधायची याचा वीस मिनिटांचा व्हिडिओ होता. आईच्या जुन्या पातळाची झोळी फुकट होत होती, त्यामुळे ती आम्हाला पुरेशी नैसर्गिक वाटली नसावी.

माझी आपली समजूत, की आपण आईच्या वाटेनं परत चाललोय. बाळंतपणासाठी ती पुण्याला आली तेव्हा तिनं ती समजूतही काढून घेतली. "कसली वाट? तुला मी पावडरीच्या डब्यात बुचकळून काढायचे. वरचं दूध डब्याचं. बिस्किट कोमट पाण्यात कुस्करलं की झालं जेवण. तेव्हा ज्याच्या फळीवर डबे, तो शिकलेला." आता ज्याच्या फळीवर डबा नाही, तो शिकलेला. मधल्या चाळीस वर्षांत डबे तेवढे इकडचे तिकडे झाले.

लंगोटांचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून घरात कोंदट वास येतो. जुन्या सुती साड्यांचे छत्तीस लंगोट, रिठ्याच्या पाण्यात धुतलेले. चिमीचा जन्म जूनमधला. जुलैत दिवाणखान्यात दोऱ्याच दोऱ्या. पाहुणे वाकून आत यायचे आणि वाकूनच बाहेर जायचे. एका रात्री छत्तीसच्या छत्तीस ओले असताना मी कपाटाच्या मागून डायपरचं पाकीट काढलं. ते मी 'आणीबाणीसाठी' गुपचूप आणून ठेवलं होतं. बायकोनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग ती उठली आणि पलंगाखालून तिचं पाकीट काढलं. तिचं फोडलेलं होतं.

खरी गोष्ट कातडीची. चौथ्या महिन्यात चिमीच्या गालांवर लाल चट्टे आले. मग कोपरांच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्यांच्या मागे. हात फिरवला तर पॉलिशपेपर. रात्री झोपेत ती गादीवर गाल घासायची, आणि तो खर्रखर्र आवाज ऐकत आम्ही दोघं अंधारात डोळे उघडे ठेवून पडून असायचो. त्या आवाजाबद्दल विनोद मला अजून सुचलेला नाही.

निदानांचा मात्र तुटवडा नव्हता. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "उष्णता." काकांच्या मते सोसायटीची लिफ्ट बंद पडते तीही उष्णतेनंच. त्यांनी वाळ्याचं पाणी सुचवलं. मालीशवाल्या मावशींनी जाहीर केलं, की पोटात असतानाचा मळ निघालेला नाही, चोळून काढावा लागेल. देवगडहून आलेल्या सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या तडतडल्या आणि "बघा किती लागली होती" म्हणत त्यांनी माझ्या आईकडे उगाचच पाहिलं. आई एकच शब्द बोलली, "इसब." तो बरोबर होता. हे आम्हाला महिनाभरानं कळलं, आणि ती त्याचा उल्लेख साधारण दर सणाला करते.

त्या महिनाभरात घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं चिमीला काहीतरी लावलं. प्रश्न पहिल्यांदा तेलावर पेटला. आईचं तिळाचं, सासूबाईंचं खोबरेल. सह्याद्रीच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं. "चेडवाक ह्या तेल कित्याक?" असं पुटपुटत सासूबाई सकाळी खोबरेल लावायच्या, संध्याकाळी आई "कोकणातली हवा वेगळी" म्हणत तिळाचं चोळायची. न्यूजर्सीच्या आत्यानं तिसरी आघाडी उघडली. तिनं दळलेल्या ओट्सची पाकिटं पाठवली. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं अशा ओट्सना त्वचेचं रक्षण करणारा पदार्थ म्हणून २००३ साली मान्यता दिली आहे. आईनं पाकीट उघडून वास घेतला आणि विचारलं, "हे शिजवून लावायचं की कच्चं?"

आणि मग मावशींची आंघोळ. न्हाणीघरात त्या पाटावर बसायच्या, पाय लांब सोडायच्या आणि नडग्यांच्या खाचेत चिमीला पालथं घालायच्या. शेजारी वाटी. वाटीत त्या दुसऱ्या बरणीतलं पीठ: हरभऱ्याची डाळ, मसूर, आंबेहळद, संत्र्याची साल, वाळलेल्या गुलाबपाकळ्या. त्यात दुधावरची साय. मावशी ते पाठीवर थापायच्या, तळव्यानं गोल गोल पसरायच्या, आणि थोडं सुकलं की रगडून त्याच्या वळ्या काढायच्या. पाठ लालबुंद. वर पाणी कढत. चिमी आधी किंचाळायची, मग दमायची, मग मावशींच्या गुडघ्यावर ओघळलेली साय जिभेनं टिपायची. मी दारात पंचा धरून उभा. मला एकदा सहज वाटलं, आता मध्ये भोक पाडून कडेनं तेल सोडायचं तेवढं राहिलंय.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चिमीला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "काय काय लावता?" आम्ही यादी सांगितली. आम्हाला वाटलं, शाबासकी मिळेल. एकही रसायन नव्हतं. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"ही यादी तुम्ही किराण्याच्या दुकानात द्या," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला लगेच समजलं, कारण आमच्या सोसायटीत गळतीवरून तीन वर्षं भांडण चालू आहे. कातडी म्हणजे भिंत. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हे सिमेंट. इसबाच्या मुलांत हे सिमेंट मुळातच कच्चं असतं. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं. अशा भिंतीला कोणी रोज काथ्यानं घासेल का? कढत पाण्यानं आणि पिठानं आम्ही उरलासुरला गिलावाही काढत होतो. साबणाचंही तसंच. कातडी किंचित आंबट असते, सामू साधारण पाच-साडेपाच. नेहमीचा वडीचा साबण नऊ-दहाच्या घरातला. तेव्हा साबणही सौम्य, बिनवासाचा आणि गरजेपुरताच.

"पण डाळीचं पीठ नैसर्गिक असतं ना?" बायकोनं शेवटचा प्रयत्न केला.

"खाजकुयलीही नैसर्गिक असते," बाई म्हणाल्या.

पुढचं मात्र ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. लंडनमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं, की तिथल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट आहे. इस्राएलमध्ये बाळं दात यायच्या वयापासून 'बांबा' नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे चोखत असतात. लंडनमध्ये आया दाणा जवळ फिरकू देत नव्हत्या. मग त्यांनी ६४० बाळं घेतली, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ खाऊ घातले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: खाणाऱ्यांत ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी. संशोधकांचा कयास असा, की अन्नाची ओळख आधी तोंडावाटे झाली तर शरीर त्याला सोयरा मानतं, आणि फुटलेल्या कातडीवाटे झाली तर चोर. तेच बेसन, पण दारातून आलं तर "या, बसा" आणि खिडकीतून आलं तर आरडाओरडा. आम्ही महिनाभर आख्खं वाणसामान खिडकीतून आत ढकलत होतो.

"सहा महिन्यांनंतर दाणे देऊ शकाल," बाई म्हणाल्या. "पण हिला इसब आहे, तेव्हा आधी मला विचारून. आणि अख्खा दाणा मुळीच नाही, घशात अडकतो. कूट."

आम्ही सांगलीचे. कूट हा शब्द ऐकून आईचा चेहरा असा खुलला, की जणू तो निबंध तिनंच लंडनला पाठवला होता.

चिठ्ठीवर दोन औषधं होती. एक जाड पांढरं मलम, मुबलक लावायचं. दुसरी छोटी ट्यूब, फक्त लाल चट्ट्यांवर, मोजके दिवस; त्यात सौम्य स्टेरॉइड. हा शब्द घरात उच्चारल्यावर जी शांतता पसरली तशी मी फक्त कोणी आंतरजातीय लग्न ठरवल्यावर पाहिली आहे. आईनं विचारलं, "तालमीतली पोरं घेतात ते?" मी तिला समजावलं आणि ट्यूब हळदीच्या डब्यामागे ठेवली, म्हणजे बघणाऱ्याला वातावरण ओळखीचं वाटेल. पाच दिवसांत चट्टे फिके पडले. त्याचं श्रेय काकांनी वाळ्याच्या पाण्याला दिलं. ते पाणी आम्ही कधी दिलंच नव्हतं.

मलमाचा नियम कडक: आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटं, मग अंग चोळायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि तीन मिनिटांच्या आत मलम. ही तीन मिनिटं ज्यानं अनुभवली नाहीत त्याला आयपीएलचं शेवटचं षटक बघताना घाम फुटत असेल. चिमी रांगायला लागली होती. ओलं, गुळगुळीत, मलमानं अर्धवट माखलेलं मूल पकडणं म्हणजे पाण्यातली मासळी हातानं धरणं. बायको मांडीवर घेऊन मलम लावायची, मी मोबाइलवर वेळ लावून पाठीमागे, सासूबाई दाराशी क्षेत्ररक्षणाला. एकदा ती सगळ्यांना चुकवून सोफ्यावर चढली. तिथे तिच्या दोन हातांचे आणि एका गालाचा असे तीन पांढरे ठसे अजून आहेत. तेलाच्या भांडणाचा निकालही लागला होता: खोबरेल चालेल, पण मलमाच्या जागी नाही. सासूबाईंनी फक्त पूर्वार्ध ऐकला आणि देवगडला तीन फोन केले.

आता पहिली बरणी. तिच्यात मी स्वतः केलेलं नाचणीचं सत्त्व होतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे वाचून मी पेटलो होतो. नाचणी भिजवली, वाटली, पंच्यातून गाळली, खाली बसलेला साका ताटात पसरून गॅलरीत वाळत घातला आणि दोन दिवस वर्तमानपत्र हलवत कबुतरं हाकली. किलोभर नाचणीतून निघालं ते एका बरणीच्या तळाशी मावलं. बायकोनं वाचून दाखवलं, की कॅल्शियमचा मोठा भाग दाण्याच्या सालीत असतो. म्हणजे तो मी गाळून फेकलेल्या चोथ्यात होता. कबुतरं गुटगुटीत दिसत होतीच.

चिमीनं सत्त्वाचा पहिला चमचा तोंडात घेतला, विचार केला आणि भिंतीवर सोडला. दुसराही. तूप घालून, खारीक घालून, विमान करून, काऊचिऊ करून, सगळं झालं. बाईंच्या परवानगीनं एका दुपारी आईनं काकडीची कोशिंबीर कालवताना दह्यात कूट घातलं, बारीक, अगदी पिठासारखं, आणि त्यातलं बोटभर चिमीच्या जिभेला लावलं. मी तासभर समोर बसून तिच्या ओठांकडे, गालांकडे पाहत होतो. काही झालं नाही. तिनं आईचं बोट धरून ठेवलं होतं आणि ती चोखायला दुसरं मोकळं बोट शोधत होती. त्यानंतर ती मऊ भात, मेतकूट, तूप आणि वर चिमूटभर कूट असं जेवायला लागली. माझ्या सत्त्वाची भाकरी करून मी ती एकट्यानं खाल्ली.

लावायची बरणी मात्र तशीच होती. फेकायची म्हटलं तर आईच्या जिवावर येणार, म्हणून मी तो विषय काढला नाही. मग एका रविवारी सकाळी ती बरणी धुऊन पालथी घातलेली दिसली आणि स्वयंपाकघरातून खमंग वास आला. खालच्या मजल्यावरचे काका पेपर द्यायला म्हणून आले होते ते ताट घेऊन बसले होते. लोण्याचा गोळा, दोन थालिपिठं, तिसरं तव्यावर.

"वहिनी, भाजणीत काय घातलंय हो?" काका बोटं चाटत म्हणाले. "गुलाबाचा वास येतोय. आणि संत्र्याचा."

आईनं तव्यावरच्या थालिपिठाच्या भोकात तेल सोडलं.

"घरचंच आहे," ती म्हणाली. "चिमीसाठी केलेलं. उष्णतेवर चांगलं असतं."

काकांनी चौथं मागून घेतलं.