बरोबरची खूण

बहुतेक तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी तिरपी खूण असते. खाली गोलमटोल अक्षर निवांत बसलेलं आणि वर ही खूण, गुरुजी वहीत लाल शाईनं 'बरोबर' करतात ना, अगदी तश्शी. ज्याला तेलुगू वाचता येतं त्याला तिचं काहीच वाटत नाही. पण सिरोंच्यात वाढणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या मनाला ती लागते. माझ्या शुद्धलेखनाच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घापायी लाल फुल्यांचा सडा, आणि बाजारात मात्र किराणा दुकानाच्या पाटीवरचं एकेक अक्षर जन्मतःच पास झालेलं! शेजारची मराठी अक्षरं बिचारी शिरोरेषेला धरून लटकत राहत, निकालाची वाट बघत.

आमचं गाव आहेच असं. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली, ते जंगल तुडवत दोनशेवर किलोमीटर मागं राहिलेलं. समोर प्राणहिता, आणि ती ओलांडली की तेलंगण. पलीकडच्या काठावर, कालेश्वरला, ती गोदावरीला मिळते. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि आतल्या गावांतून माणसं आली की कानावर पडणारी माडिया. कुणी कुणाला आपली भाषा शिकवत बसत नाही. मिठामिरचीपुरती ती आपसूक येते. बोलता यायचं, पण वाचता यायचं नाही, आणि न वाचता येणारी पाटी नुसती पाहावी लागते. तिचा अर्थ मध्ये येत नाही. माझ्या धंद्याचं निम्मं शिक्षण मला या निरक्षरतेनं फुकट दिलं, असं मी आता म्हणतो. तेव्हा मी फक्त दुकानापुढं तोंड उघडं टाकून उभा राहायचो, आणि घरी तेल उशिरा पोचायचं.

या पाट्या रंगवणाऱ्याला सगळं गाव अण्णा म्हणे. भिंतीवर खडूनं माखलेलं सूत दोन टोकांना ताणायचं आणि मधोमध टिचकी मारायची, की पांढरी रेघ उमटे, एका श्वासात, घरातल्या कुठल्याही फूटपट्टीपेक्षा सरळ. मग डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. तो भिंतीला टेकवायचा, काठीवर उजवं मनगट ठेवायचं आणि एनॅमलमध्ये बुडवलेला ब्रश सोडायचा. मराठीसाठी अण्णा आधी शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरं टांगी. तेलुगूसाठी मात्र एकेक वळण पूर्ण करून शेवटी वरची खूण मारी, समाधानानं, जणू स्वतःच स्वतःला गुण देतोय. त्याच्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे माझेच घोळ असत. पण त्याचा 'की' इतका देखणा, की 'कीराणा' हेच बरोबर असावं असं वाटे.

दक्षिणेतल्या लिप्या गोलावल्या त्या ताडपत्रामुळे, असं सांगतात. लोखंडी टोकानं पानाच्या शिरांच्या दिशेनं सरळ रेघ कोरली तर पान फाटतं. (उत्तरेकडे त्याच पानावर शाईनं लिहीत, म्हणून शिरोरेषा वाचली असावी.) हे मी पुढं कॉलेजात वाचलं आणि मला हसू आलं. पाट्यांवरच्या त्या वळणांचं मूळ आमच्याच शेतांच्या बांधावर ताड होऊन उभं होतं, आणि चित्रकलेच्या तासाला खिडकीबाहेरच्या ताडाकडे पाठ करून आम्ही सगळे नारळाचं झाड काढत होतो. दोन डोंगर, मधे सूर्य, कडेला नारळ. एलिमेंटरीची परीक्षासुद्धा याच नारळावर निघाली.

लाकडाच्या डेपोत सागाचे लठ्ठे रचलेले असत. त्यांच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असे. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अक्षरं-आकडे हळूहळू वर येत, मागून झाडाच्या वयाची वर्तुळं. पहिला लोगो मी असा 'केला'. पुढं कुणीही लोगो 'साधा पण वजनदार' हवा म्हटलं, की मला तो हातोडाच आठवतो.

बाकीची वाट चारचौघांसारखी: नागपूर, उपयोजित कला, मग नोकरी. विंडोजमधला देवनागरीचा 'मंगल' आणि तेलुगूचा 'गौतमी' हे दोन्ही टंक सुलेखनकार र. कृ. जोशींच्या देखरेखीखाली झाले हे कळलं, तेव्हा घरचंच कुणी मोठ्या पदावर गेल्यासारखा आनंद झाला. आत्याला मात्र माझा हुद्दा अजून उमगलेला नाही. "ग्राफिक डिझायनर म्हणजे पेंटरच ना रे?" ती विचारते. मी हो म्हणतो. अण्णाशी तुलना होत असेल तर कशाला नाकारा?

चित्रकलेशी नातं असलेला आमचा आणखी एक गाववाला आहे, तो मात्र डायनोसॉर. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ १९५८ साली त्याची पहिली हाडं सापडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत बरीच आणखी निघाली. १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून १९७५ मध्ये त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. हे मला फार गोड वाटतं, कारण साठी उलटलेले रवींद्रनाथ चित्रकार झाले ते हस्तलिखितातल्या खाडाखोडीला चोच-डोळे फुटत गेले म्हणून. १९३० साली पॅरिसला प्रदर्शनच भरलं. हा चौदाएक मीटरांचा गाववाला आता कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा असतो. त्याची कवटी मात्र सापडलेली नाही. मिळाले ते नुसते काही सुटे दात.

मुलांच्या एका मासिकासाठी मला त्याचं चित्र काढायचं होतं. शेपूट, पाय, मान सगळं अभ्यास करून काढलं, आणि तोंडाशी येऊन तीन दिवस अडलो. शेवटी एक गंभीर, विचारी चेहरा दिला, जरासा दाढी नसलेल्या रवींद्रनाथांसारखा. संपादकबाईंचा फोन आला. "चित्र झकास आहे हो, फक्त तोंड जरा हसरं कराल का?" नाही म्हणायला शास्त्राचा काही आधार नव्हता. केलं हसरं. दात तर सापडलेले आहेतच.