दोन नंबरचं पोरगं

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना,
रविवार, 17 नोव्हेंबर 2024

ती. आप्पा आणि ती. आई,


आप्पा, परवा फोनवर तुम्ही तक्रार केलीत, की जावईबापूंना झालंय तरी काय? वानखेडेवर 147 धावांच्या मागे लागून आपण 121 वर आटोपलो, न्यूझीलंडनं घरात घुसून तीन-शून्य केलं, तरी त्यांनी तुमच्याबरोबर पाच मिनिटं हळहळायची तसदी घेतली नाही. मनाला लावून घेऊ नका. त्यांचं चित्तच थाऱ्यावर नाही, आणि त्याला कारण एक सतरा वर्षांचं पोरगं आहे. उंची सहा फूट नऊ इंच, अंगावर दोन नंबर, नाव कूपर फ्लॅग. ड्यूकच्या, म्हणजे तुमच्या नातवाच्या कॉलेजच्या, बास्केटबॉल टीममध्ये तो यंदा नवा आलाय. सध्या आमच्या घरात देवाच्या खालोखाल त्याचं नाव निघतं. टीम हरली तर देवाच्याही आधी.

कॉलेजची टीम म्हटल्यावर राजाराम कॉलेजचं गॅदरिंग डोळ्यांपुढे आणू नका. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची फुटबॉल मॅच असली की तुम्ही औषधाची गोळी विसरता ना, तशी अवस्था इथं अख्ख्या गावाची होते, आणि ती नोव्हेंबर ते मार्च टिकते. मॅचेस देशभर टीव्हीवर दिसतात. ह्या पोरानं कॉलेजात पहिली मॅच खेळायच्या आधीच बुटांच्या कंपनीनं त्याच्याशी करार केला होता. कॅमरन नावाचं यांचं स्टेडियम 1940 सालचं, जेमतेम 9,314 माणसांचं. पण त्यात पोरं मैदानाला अशी खेटून असतात, की पाहुण्या टीमच्या खेळाडूनं चेंडू आत टाकायला हात वर केला तर त्याच्या कानाशी कुणीतरी बोंबलतंच. आपला बंटी त्यातलाच एक. मॅचभर उभं राहायचं, उड्या मारायच्या, अंगाला निळा रंग फासायचा. आई, तू प्रेमानं दिलेली सोलापुरी चादर आता निळी आहे. पूर्ण नाही, फक्त जिथं जिथं बंटी टेकला तिथं. मी दोनदा धुतली. आता ती तशीच आवडून घ्यायची असं ठरवलंय.

तर हा फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या तीनेक हजार वस्तीच्या गावचा. शाळा एक वर्ष आधी उरकून आला, म्हणून अजून अठरा पूर्ण नाहीत, डिसेंबरात होतील. जुलैत अमेरिकेची ऑलिंपिक टीम लास वेगासला सराव करत होती, तेव्हा तिच्यासमोर खेळायला जी पोरं बोलावली त्यात हा एकटाच कॉलेजचा, आणि तोही कॉलेजचा एक तास न बसलेला. लेब्रॉन जेम्सच्या टीमपुढे तो घाबरला नाही, एवढ्या भांडवलावर इथल्या लोकांनी उन्हाळ्यातच मखर सजवून ठेवलं.

पहिली मॅच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती नेमकी मेन विद्यापीठाशी. त्याची आई स्वतः त्या कॉलेजातून बास्केटबॉल खेळलेली. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांना हे कळल्यावर त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "आईच्या माहेरच्यांना 34 गुणांनी हरवतात होय?" 96-62 झालं होतं. पोरानं 18 गुण केले, सात रिबाउंड घेतले, पाच वेळा दुसऱ्याला बास्केट करून दिली. पण उत्तरार्धात त्याच्या पायात गोळे आले. झालं! गुण राहिले बाजूला आणि रात्रभर पोटऱ्यांवर चर्चासत्र. ह्यांचं मत, दम कमी पडतोय. सासूबाईंचं मत, लिंबू-मीठ-साखर कुणी दिली नाही. शिवाय कॉन कनिपल नावाच्या दुसऱ्या नवख्यानं त्याच दिवशी 22 गुण केले, त्यामुळे पुढचे चार दिवस "खरा खेळाडू तोच, फ्लॅगचा नुसता गवगवा" हे आमच्या स्वयंपाकघरात सिद्ध झालेलं सत्य होतं.

शेजाऱ्यांचं सांगते. उजवीकडचे आजोबा निवृत्त, ड्यूकचे जुने भक्त. त्यांची घड्याळं 1992 ला बंद पडलीयत. त्या वर्षी केंटकीविरुद्ध 2.1 सेकंद उरली असताना ग्रँट हिलनं मैदानाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला चेंडू फेकला, लेटनरनं तो झेलून वळून टाकला आणि ड्यूक 104-103 नं जिंकलं. नवा खेळाडू कोणीही येवो, आजोबा डोळे बारीक करून पाहतात आणि म्हणतात, "बरा आहे. पण लेटनर…" डावीकडचे गृहस्थ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे. त्या विद्यापीठाचं गाव इथून वीसेक मिनिटांवर, पण वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांच्या पत्रपेटीचा रंगसुद्धा आकाशी. ते फ्लॅगबद्दल वाईट एक शब्द बोलत नाहीत, फक्त एवढंच म्हणतात, की 1982 साली आमचा जॉर्डनसुद्धा पहिल्याच वर्षाला होता आणि त्यानं फायनल जिंकून देणारी बास्केट टाकली, तुमच्या पोराला सवड मिळाली तर बघा. आप्पा, गोड बोलून सालटं काढणं ही फक्त कोल्हापूरची कला नाही.

आणि मग मंगळवारी, 12 तारखेला अटलांटात केंटकीची मॅच. आमची सगळी वरात टीव्हीपुढे. ह्यांच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात एक्सेलचा तक्ता: किती मिनिटं, किती नेम, लांबून किती पडले, दर 40 मिनिटांमागे किती. ऑफिसच्या कामाला असा तक्ता केला असता तर एव्हाना बढती झाली असती. पोरगं खेळलं मात्र झकास. 26 गुण, 12 रिबाउंड. शेवटची काही सेकंदं उरली, 72-72 अशी बरोबरी, चेंडू फ्लॅगकडे. तो घुसला आणि केंटकीच्या ओटेगा ओवेनं चेंडू काढून घेतला, दोन फ्री थ्रो मिळवले, दोन्ही टाकले. पुढच्याच चढाईत फ्लॅगच्या हातून पुन्हा चेंडू गेला. 77-72, हार. खोलीत फक्त सासूबाई बोलल्या: "मधे तीन माणसं उभी दिसतायत, मग त्या कोपऱ्यातल्याला का नाही दिला?" आप्पा, उजवीकडचे आजोबा दुसऱ्या दिवशी कुंपणावर कोपर टेकून तासभर जे सांगत होते, ते हेच. सासूबाईंना बास्केटबॉलचे नियम कुणी शिकवलेले नाहीत. एकत्र कुटुंबात पन्नास वर्षं पंगत वाढलीय, त्यामुळे कोण रिकामं बसलंय ते त्यांना दिसतं.

बुधवारी सकाळी गावावर सुतक. आठ दिवसांपूर्वी मखरात बसवलेलं पोरगं, त्याचं विसर्जन कुठं करायचं यावर लोक बोलत होते. झायन विल्यमसननं 2018 ला पहिल्याच मॅचला ह्याच केंटकीला 28 गुण मारले होते आणि ड्यूक 34 नं जिंकलं होतं, हे मला दिवसभरात इतक्यांनी ऐकवलं की मी भाजी घेताना आपण होऊन म्हणून दाखवलं. ह्यांच्या तक्त्यात "दडपण" नावाचा नवा रकाना आला. कॅरोलायनावाले गृहस्थ पानं गोळा करता करता शीळ घालत होते.

मला विचाराल तर (कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते) सगळे चुकीच्या चेंडूकडे बघतायत. पहिला चेंडू गेला, हे खरं. पण तो गेल्यावरही कोच शायरनं आणि वयानं मोठ्या भिडूंनी दुसरा चेंडू पुन्हा त्याच्याच हातात दिला की नाही? वर्गातल्या सगळ्यांत लहान पोराला! चेंडू दुसऱ्यांदा गमवायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. लांबून नेम बसत नाही, मान्य. पण चेंडू नसतानाचं त्याचं खेळणं बघा. दुसऱ्याच्या माणसाला अडवायला तो आधीच तिथं जाऊन उभा असतो. तक्त्यात त्याला रकाना नाही.

आणि घाई का, तेही खरं सांगते. हा पोरगा इथं अकरा महिन्यांच्या भाडेकरारावरचा भाडेकरू आहे. एनबीएत जायला शाळा संपून एक वर्ष जावं लागतं आणि त्या साली एकोणीस पूर्ण व्हावी लागतात. ते दोन्ही पुढच्या वर्षी जमतंय, म्हणजे जूनमध्ये तो जाणार हे शेंबडं पोर सांगेल. तुम्हाला सचिनला चोवीस वर्षं नावं ठेवायला मिळाली. कराचीत सोळा वर्षांच्या सचिनचा वकारनं 15 वर त्रिफळा उडवला तेव्हा "अजून कच्चा आहे" म्हणालात म्हणे, आणि मग आयुष्यभर "मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरगं मोठं होणार." इथल्या लोकांना मत फिरवायला तेवढा अवधी नाही. म्हणून सोमवारी एक, बुधवारी दुसरं.

काल ड्यूकनं वॉफर्डला 86-35 असं लोळवलं, तेव्हा सूर परत बदललाय. मराठी मंडळाचं दिवाळीचं जेवण होतं, तिथं मसालेभाताच्या रांगेत सगळे पुरुष हातात रिकामी ताटं घेऊन फ्लॅगचा डावा हात तपासत होते. वाढणाऱ्या बाईंनी शेवटी त्यांना ओलांडून मागच्यांना वाढलं.

आता पुढचा पेच. येत्या शुक्रवारी रात्री टूसॉनला ॲरिझोनाशी मॅच आहे, आणि त्यांच्याकडे केलेब लव्ह आहे, म्हणजे आधी कॅरोलायनाकडून खेळून 2022 ला ड्यूकच्या कोच के यांची शेवटची मॅच नासवणारा तोच. डावीकडचे गृहस्थ आमच्याकडेच बघायला येणार म्हणतायत, चिप्स घेऊन. आणि त्याच वेळी पर्थला आपल्या कसोटीच्या दुसऱ्या दिवसाचा खेळ सुरू असेल. घरात टीव्ही एक. तेव्हा आप्पा, शनिवारी सकाळी जावयाला फोन करून बुमराबद्दल काही विचारू नका. विचारायचंच असेल तर बंटीच्या आजीला विचारा, त्या दोन्हीकडचं सांगतील.

बुधवारी मतदानाला जाताना आईला रिक्षानं न्या, चालवत नेऊ नका. आई, कांदा-लसूण मसाला संपत आलाय. डिसेंबरात कुणी इकडे येत असेल तर दोन किलो पाठव, मिसळ खाऊन बंटीचे मित्र दर आठवड्याला वाढतायत.

तुमची,
माई

ता. क. डिंकाचे लाडू केले असतील तर तेही पाठव. दोन नंबरसाठी नव्हे. केंटकीच्या दुसऱ्या चेंडूला सोफ्यावरून उडी मारली तेव्हापासून ह्यांची कंबर धरलीय, आणि तक्त्यात तेवढी एकच नोंद त्यांनी केलेली नाही.