पंचांनी आधी नखं पाहावीत

बाभुळगाव तालुक्यात दिवाळी आटोपली, सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की गावोगाव कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे फलक लागतात. फलकावर पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस असतं, बक्षीस देणाऱ्यांचे फोटो असतात, प्रवेश फी असते आणि अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : पंचांचा निर्णय अंतिम राहील. माझी तक्रार या ओळीपासून सुरू होते. निर्णय अंतिम असावा, हे मला मान्य आहे. पण तो फक्त गुणांपुरताच का असतो? पोराच्या डोळ्याबद्दल, गुडघ्याबद्दल, डोक्याबद्दल ठरवायची वेळ येते तेव्हा पंच आयोजकांकडे बघतो, आयोजक संघाच्या कप्तानाकडे बघतात आणि कप्तान पडलेल्या पोराला म्हणतो, ‘‘काही नाही होत बे, ऊठ.’’

या तक्रारी लहान आहेत. लहान म्हणूनच त्या कोणी बैठकीत मांडत नाही आणि दर मोसमात तशाच पुढे सरकतात.

नखांचं घ्या. खेळाडूची नखं बारीक कापलेली असावीत, अंगावर दागिना नसावा, अंगाला तेल किंवा तत्सम काही चोपडलेलं नसावं, असा कबड्डीचा नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहणं पंचांचं काम आहे. खालच्या गटातल्या सामन्यांत मी हात तपासणारा पंच फार क्वचित पाहिला. नाणेफेक होते, पाहुण्यांसोबत फोटो होतो, शिट्टी वाजते. पोरांच्या मनगटात स्टीलचं कडं तसंच असतं, बोटात अंगठी असते, गळ्यात गंडा असतो. मनगटाची पकड करताना बोट त्या कड्यात अडकलं, तर बोटाचं काय होतं ते मैदानाबाहेर बसलेल्या कोणालाही सांगता येईल. अंगठी अडकून बोटाची कातडी सोलून निघते. नखानं डोळ्याखाली ओरखडा उठतो. आपल्याकडे मातीवर अनवाणी खेळतात, म्हणून पायाची नखंही तितकीच महत्त्वाची. ती तर कोणीच बघत नाही. चौदा खेळाडू आणि बदलीचे चार-सहा, एवढ्यांचे हात-पाय बघायला पाच मिनिटं पुरतात. नेलकटर दहा-वीस रुपयांना मिळतं. गुणलेखकाच्या टेबलावर ते असायलाच हवं.

मग मैदान. आपल्याकडे मैदान बहुधा कापणी झालेल्या वावरात नाही तर शाळेमागच्या पडीत जागेत आखतात. काळ्या मातीची ढेकळं फोडतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. मंडळाची पोरं त्यासाठी राबतात आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी दिलीच पाहिजे. पण पऱ्हाटीचे खुंट जमिनीत राहतात, बाभळीचा काटा राहतो, काचेचा तुकडा राहतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एवढ्या जागेत पंचानं सामन्याआधी अनवाणी एक फेरी मारली, तर त्याच्या पायाला जे टोचेल ते खेळाडूच्या छातीत शिरणार नाही. गर्दी आवरायला लोखंडी पाइप रोवून दोर बांधतात, तेही रेषेपासून हातभर अंतरावर. चढाईपटूला दोन बचावपटूंनी रेटलं की तो थेट त्या पाइपावर जातो. सामना सुरू होण्याआधी ‘हे पाइप मागे घ्या, नाही तर मी सामना लावत नाही’ म्हणायचा अधिकार त्या रात्री फक्त पंचाकडे असतो. मंडळाच्या अध्यक्षाकडे तो नसतो, कारण अध्यक्षाला गर्दीचीही मर्जी राखायची असते.

सगळ्यात जास्त राग मला चुन्याचा येतो. रेषा आखायला खडूची पूड न आणता काही ठिकाणी सरळ बांधकामाचा चुना वापरतात, कारण तो घरात पडलेला असतो. कळीचा चुना ओला झाला की तापतो आणि विरलेला चुनाही तीव्र अल्कली असतो. डोळ्यात गेला की तो अश्रूंमध्ये कालवला जातो आणि बुबुळाला भाजतो. अल्कलीची इजा आत-आत शिरत जाते, म्हणून ती साध्या धुळीसारखी चोळून जात नाही. आता कबड्डीत काय होतं ते पाहा. चढाईपटूची पकड होते ती बरेचदा निदान रेषेच्या आसपास. मध्यरेषा गाठायला तो जमिनीवर तोंड घासत हात लांबवतो आणि दम टिकवायला तोंड उघडं ठेवून ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत असतो. म्हणजे त्याचा चेहरा, डोळे आणि उघडं तोंड नेमकं त्या पांढऱ्या रेषेवर येतं. डोळ्यात चुना गेलाच, तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान वीस मिनिटं धुवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. मैदानावर मात्र कोणी तरी उपरण्याच्या टोकानं डोळा पुसतो, फुंकर मारतो आणि पोरगं पुढच्या चढाईला उभं राहतं. पंचानं रेषेवरची पूड बोटावर घेऊन बघावी आणि चुना असेल तर रेषा पुसायला लावाव्यात. हे काम त्याचं नसेल तर मग कोणाचं आहे, हे मला कोणी तरी सांगावं.

शिट्टीचंही बोललं पाहिजे. चढाईपटू पकडला गेला, त्याची हालचाल थांबली, दम गेला, की शिट्टी तत्काळ वाजायला हवी. गावातल्या सामन्यांत ती उशिरा वाजते, कारण एकच पंच दोन्ही बाजू बघत असतो. नियमाप्रमाणे एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा दोघांवर भागवतात आणि त्यातला एक माइक धरतो. शिट्टीला जो उशीर होतो त्या वेळात उरलेले बचावपटू येऊन अंगावर पडतात. खाली एक पोरगं आणि वर सहा जणांचं वजन. बरगडी, खांद्याचं हाड, गुडघ्याचा सांधा याच वेळेत जातो. तोंड दाबणं, गळा आवळणं, इजा होईल अशी हिंसक पकड करणं, पायांची कैची घालणं या गोष्टी नियमात सरळ मना आहेत. पकड धडाची आणि हातापायांचीच करायची असते. ताकीद द्यायला हिरवं कार्ड आहे, दोन मिनिटं बाहेर बसवायला पिवळं आहे, त्याहून वाईट वागला तर लाल आहे. तरी कैची लागली की प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि पंच बचावाला गुण देतो. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून पोरं टीव्हीवरची डॅश आणि उड्या शिकली. त्या उड्या मॅटवर असतात. इथं खाली उन्हानं टणक झालेली माती असते, हे पंचानं लक्षात ठेवून शिट्टी आणखी लवकर वाजवायला हवी.

आणि वेळ. पाहुणे आले की सामना थांबतो. हार, नारळ, शाल, दोन शब्द, मग आणखी दोन शब्द. जानेवारीच्या थंडीत घामेजलेली पोरं चड्डी-बनियनवर कुडकुडत उभी राहतात, स्नायू आखडतात आणि भाषण संपलं की थेट चढाई. तोच सामना एखाद्याच्या कपाळातून रक्त आलं म्हणून थांबवायचा म्हटलं, की माइकवरून घाई सुरू होते, ‘‘पंचसाहेब, घ्या लवकर, अजून सहा सामने बाकी हायेत.’’ जखमेवर हळद नाही तर माती चोळतात. उघड्या जखमेत माती गेली की धनुर्वाताचा धोका असतो आणि दुसऱ्याच्या अंगाला रक्त लागलं तर त्यालाही धोका असतो. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे अगदी साधेपणानं लिहिलं आहे : रक्त येत असलेला खेळाडू मैदानाबाहेर जाईल आणि रक्त थांबून जखम झाकल्याशिवाय परत येणार नाही. तिथं पंच कोणाला विचारत बसत नाही. आपल्या मैदानावरही एवढंच हवं आहे.

डोक्याच्या माराच्या विचारानं तर मला रात्री झोप लागत नाही. दोन बचावपटूंची डोकी एकमेकांवर आदळतात, एक जण खाली बसतो, तोंडावर पाणी मारतात, तो उभा राहतो, लोक टाळ्या वाजवतात. तो स्कोअर किती झाला ते दोनदा विचारतो. त्याला मळमळतं. तो खेळतच राहतो. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, हे आता जगभर मानलं जातं. क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. कबड्डीत तर बदली खेळाडू बाकावर बसलेलाच असतो. संघ हरेल म्हणून कप्तान त्याला बाहेर काढणार नाही आणि पोरगं स्वतः तर कधीच निघणार नाही. म्हणून ते पंचानं करायचं. २०२२ च्या जुलैत तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात बावीस वर्षांचा चढाईपटू पकडीतून उठता उठता कोसळला आणि गेला. तेही असेच गावचे सामने होते.

पंचांची बाजूही मला ठाऊक आहे. मानधन तुटपुंजं, रात्री दोनपर्यंत उभं राहणं, जेवण उशिरा, हरलेल्या गावाच्या शिव्या आणि कधी कधी धक्काबुक्की. सामना थांबवणाऱ्या पंचाला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, ही खरी अडचण आहे आणि तिचा दोष मंडळांचा आहे. मंडळाने डीजे, मंडप आणि हारतुऱ्यांचा खर्च थोडा कमी करून तिसरा पंच आणावा, प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिच्यासाठी मैदानापर्यंतची वाट मोटारसायकलींनी अडवू नये. बाभुळगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, पण हाड मोडलं किंवा डोक्याला मार लागला की यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच गाठावं लागतं. रात्री एक वाजता त्या रस्त्यानं पोराला कोणत्या गाडीत न्यायचं, हे सामना सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

विदर्भाला हा खेळ नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी तिथल्या लोकांना दाखवली होती. कबड्डीचे नियम लिहून काढण्याचं कामही मराठी माणसांनीच पुढे नेलं. ज्या मातीत हे घडलं तिथं पंचाला नखं तपासायला लाज वाटू नये आणि वेळ नाही असंही म्हणू नये. खुल्या गटात पन्नास किलोचं शाळकरी पोरगं आणि ऐंशी किलोचा गडी समोरासमोर येतात, तेव्हा त्या पोराच्या आईनं त्याला पंचाच्या भरवशावरच पाठवलेलं असतं.

म्हणून या मोसमात तालुक्यातल्या प्रत्येक पंचाला माझी हात जोडून विनंती आहे. नाणेफेकीआधी दोन्ही संघांना रांगेत उभं करा, कडी-अंगठ्या टेबलावर काढून ठेवायला लावा, नखं बघा, रेषेवरची पूड बघा, पाइप मागे सरकवा. कोणी घाई केली तर शिट्टी खिशात ठेवा आणि सामना सुरू करू नका. मंडळाने ते ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी मला सांगा, मी तुमच्यासोबत मंडळाच्या दारात येईन.