जरा लेव्हल द्या

तात्यांच्या दारावर पाटी आहे : ‘बेल वाजवू नये. रेकॉर्डिंग चालू असू शकते.’ त्यातलं ‘असू शकते’ महत्त्वाचं. रेकॉर्डिंग चालू कधीच नसतं, ते चालू होण्याच्या बेतात असतं. डोंबिवलीत, रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर राहून ज्याला ठार शांतता हवी आहे, असा माणूस म्हणजे तात्या. आणि असा एखादा तात्या हल्ली प्रत्येक सोसायटीत निघतोच. कुठे तो गझल गातो, कुठे गीतेचा अर्थ सांगतो, कुठे पॉडकास्ट करतो. निदान तसं तो सांगतो. प्रत्यक्षात तो एकच गोष्ट करत असतो : माईकमध्ये खरखर कुठून येते, ते शोधत असतो.

आमचे तात्या बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याची टिकटिक रेकॉर्ड होते असं लक्षात आल्यावर ते बाथरूममध्ये गेलं. संकल्प मोठा होता : हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ अथपासून इतिपर्यंत वाचून काढायची. कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेली, तेव्हा स्वामित्वहक्काची कटकट नाही. कटकट निघाली ती शीर्षकातच. ‘पण’ म्हटलं की ओठांतून सुटलेला हवेचा झोत थेट माईकवर आदळतो आणि हेडफोनमध्ये ‘धप्’ होतं. ‘प फुटतोय,’ तात्या म्हणाले, आणि काकूंची भरतकामाची रिंग ताब्यात घेतली. तिच्यावर जुना पातळ पायमोजा ताणून माईकपुढे पडदा उभा राहिला. मग माईक तोंडासमोरून जरासा बाजूला सरकवला. ‘प’ सुधारला. तेवढ्यात फ्रीज सुरू झाला.

फ्रीजशी तात्यांचं जुनं वैर. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याचं बटण बंद करायचं आणि नंतर ते पुन्हा लावायला विसरायचं, या क्रमाने दोनदा दूध नासलं आणि एकदा पाहुण्यांसाठी आणलेल्या आइस्क्रीमचं सार झालं. त्यावर त्यांनी एक रामबाण तोडगा काढला. चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण करणारी मंडळीही तोच वापरतात : फ्रीज बंद करताना स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवायची. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणून फ्रीजची आठवण होतेच. तेव्हापासून कोथिंबिरीच्या जुडीशेजारी तात्यांच्या स्कूटरची किल्ली असते, आणि त्या घरात कोणी किल्ली हरवली म्हणून कपाट उघडत नाही.

कपाट उघडायची सोयही नाही म्हणा, कारण तात्या आत असतात. रिकाम्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि बोलणारा विहिरीत बसल्यासारखा वाटतो. साड्या, गोधड्या, जाड चादरी हा प्रतिध्वनी पिऊन टाकतात. त्यामुळे काकूंचं लुगड्यांचं कपाट हा तात्यांचा स्टुडिओ. पाचवारीपेक्षा नऊवारी बरी, असं त्यांचं मत. कपड्यांची मर्यादा मात्र ते सोडून सगळ्यांना माहीत आहे : प्रतिध्वनी खाल्ला जातो, कसारा लोकलचा भोंगा नाही.

तात्यांचं खरं पांडित्य दिसतं ते हममध्ये. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि अर्थिंग नीट नसेल किंवा तारांची गुंतागुंत असेल तर तोच ‘हूंऽऽ’ आवाजात उतरतो. आपल्याला तो ऐकूही येत नाही, पण तात्या त्याच पट्टीत गुणगुणून दाखवतात. ‘लॅपटॉपचा चार्जर काढा,’ हा त्यांचा पहिला उपाय. बॅटरीवर हम गेला तर गुन्हेगार सापडला. नाही गेला तर पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट, माईकच्या तारेशेजारून धावणारी विजेची वायर आणि शेवटी शेजारचे जोशी, असा तपास पुढे सरकतो.

त्यांच्या पुतणीने न्यू जर्सीहून लेकीचं पहिलं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं. सगळं घर कौतुकाच्या उत्तराची वाट बघत बसलं. तात्यांनी लिहिलं : ‘हम साठचा आहे. तिकडचाच.’ अमेरिकेतली वीज साठाची, हे त्यांनी कानाने ओळखलं होतं. पुतणी आठवडाभर रुसली. मग तात्यांकडून ते गाणं हम काढून परत आलं, आणि सोसायटीत ते ऐकायचं कोणाचंही राहिलं नाही.

लेव्हलच्या बाबतीत तात्या कडक आहेत. भाच्याने नवा कंडेन्सर माईक घेतला आणि आवाज येतच नाही म्हणून गेन शेवटापर्यंत पिळला. आवाजाबरोबर पंखा, रिक्षा आणि खालच्या मजल्यावरचा मिक्सरही आला. तात्यांनी जाऊन माईक नुसता फिरवला. भाचा त्याच्या पाठीशी बोलत होता. ‘आधी तोंड, मग अंतर, मग गेन!’ हे त्यांचं बोधवाक्य. अंतर म्हणजे एक वीत. निम्मं जवळ आलात की सहा डेसिबल फुकटात मिळतात, नॉब जागचा न हलवता. मात्र अगदीच चिकटलात तर साधा माणूसही खर्जात बोलायला लागतो. बोलणं उणे बाराच्या आसपास ठेवायचं, हसलात तरी उणे सहा. शून्याला टेकला की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज कोणी शिवून देत नाही. संगणकावर खरखर पुसणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. ‘जास्त पुसलं की माणूस पाण्याखालून बोलतो,’ असं ते म्हणतात आणि घरातल्या पाण्याचा पंप बंद करायला धावतात.

आता लेव्हल द्यायला माईकपाशी दुसरं माणूस लागतं. तात्या हेडफोन लावून मीटरपाशी, काकू कपाटात. ‘काहीतरी बोल गं.’ आधी काकू भाजीचे भाव सांगत. मग पुस्तक समोर उघडंच होतं म्हणून त्या तेच वाचायला लागल्या. कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली. चाळीस वर्षं ‘टोकन नंबर बारा’ पुकारलेल्या गळ्यात ती काही केल्या बसत नव्हती. काकूंच्या गळ्यात अलगद बसली. तात्या मीटरकडे बघत राहिले, काकू पानं उलटत राहिल्या. ‘चाचणी १’, ‘चाचणी २’ अशा फायली साठत गेल्या. खरखर आहे का ते सांगा, म्हणून तात्यांनी त्या चार जणांना पाठवल्या. चारांनी चाळीसांना पाठवल्या.

परवा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजींनी तात्यांना अडवलं. ‘अहो, पुढची चाचणी कधी? यमूचं पुढे काय झालं?’

तात्या गोंधळले. म्हणाले, ‘आजी, ते अजून रेकॉर्ड व्हायचंय. सध्या फक्त लेव्हल बघतोय.’