त्वरित विद्येची दरखास्त

नवरात्राचे घट उठण्यापूर्वीच नाशिक शहराच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड या दोन विद्यामार्गांवर जे फलक चढतात, त्यांचा मजकूर लक्षपूर्वक वाचणाऱ्या कोणाही करदात्या नागरिकाच्या मनात एक साधा हिशेबी प्रश्न उद्भवल्यावाचून राहत नाही. दहावीचा राहिलेला पोर्शन, झालेल्याची रिव्हिजन, सराव परीक्षांची मालिका आणि वर शंभर टक्के आयएमपी प्रश्न, एवढा ऐवज जर दिवाळीच्या सुट्टीतील पंधरा दिवसांत विद्यार्थ्याच्या पदरी बिनचूक पडत असेल, तर जूनपासून सरकारने शाळा नामक जे अवाढव्य खाते चालू ठेवले आहे ते नेमके कोणत्या प्रयोजनार्थ, हा तो प्रश्न होय.

सरकारी खात्यांचा गैरवाजवी खर्च उघडकीस आणणे हे वृत्तपत्रांचे परंपरागत कर्तव्य असल्यामुळे आम्ही पुढील दरखास्त सरकारदरबारी रुजू करीत आहोत. शाळा वर्षातून पंधरा दिवस, आणि तीही सुट्टीतच, भरवावी. उरलेले साडेअकरा महिने तिला कुलूप असावे. यात शिक्षकवर्गाची गैरसोय संभवत नाही, कारण मतदारयाद्या, जनगणना, सर्वेक्षणे आणि दररोज नवा तक्ता मागणारी ऑनलाइन माहिती यांत तो वर्ग आधीच इतका गुंतलेला आहे की अध्यापनाचा अडथळा दूर झाल्याबद्दल त्याने आभाराचा ठरावच करावा. विद्यार्थ्यांनी तर ही व्यवस्था मनोमन केव्हाच मंजूर केली आहे. शाळेत लक्ष दिले नाही तरी चालते, कारण क्लासमध्ये होणार आहे. क्लासमध्ये दिले नाही तरी चालते, कारण क्रॅश कोर्समध्ये होणार आहे. आणि क्रॅश कोर्समध्ये लक्ष देण्याचे प्रयोजनच उरत नाही, कारण तेथील सर्व ज्ञान छापील पुस्तिकेच्या रूपाने घरपोच झालेले असते.

यावर काही जुन्या वळणाचे लोक इतिहासाचा दाखला काढतील. याच जिल्ह्यातील निफाड येथे १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि तेही कोणत्याही व्हेकेशन बॅचमध्ये नाव न घालता, असे ते बजावतील. त्यांना आमचे उत्तर असे की, रानड्यांच्या वेळी नुसते उत्तीर्ण होणे ही बहादुरी होती; आज ती बेअब्रू आहे. २०२५ साली राज्यात दहावीच्या परीक्षेत शेकडा ९४.१० मुले उत्तीर्ण झाली आणि २११ मुलांनी शंभरपैकी शंभर टक्के मिळवले. ज्या परीक्षेत नापास होण्यासाठीच विशेष परिश्रम घ्यावे लागतात, तिची भीती टिकवून धरणे हे केवढे कौशल्याचे काम आहे, याची जाणीव टीकाकारांना नाही. क्लासचालकांनी ही भीती पस्तीस गुणांवरून उचलून दशांशचिन्हाच्या उजव्या बाजूस नेऊन ठेवली आणि एका अस्तंगत होऊ घातलेल्या धंद्यास जीवदान दिले.

परंतु या वर्गांचे खरे राष्ट्रकार्य पाहावयाचे असेल, तर ते मराठीच्या तासाला पाहावे. मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' म्हणून एक प्रकार आहे. पाठ वाचून विद्यार्थ्याला स्वतःला जे वाटले ते त्याने आपल्या भाषेत लिहावे, अशी परीक्षा मंडळाची त्यामागे भाबडी अपेक्षा. आता पंधरा वर्षांच्या मुलापाशी स्वतःचे मत असणे ही मुळातच बेभरवशाची गोष्ट. आणि असलेच, तर ते आदर्श उत्तराशी जुळेल याची हमी कोणी द्यावी? म्हणून सर्व पाठांवरील आणि सर्व कवितांवरील स्वमते आगाऊ तयार करून ठेवलेली असतात. सर मायक्रोफोनवरून सावकाश सांगतात, आणि ऐंशी मुले माना खाली घालून आपापले वैयक्तिक मत उतरवून घेतात. ज्याचे राहून गेले तो शेजाऱ्याचे वैयक्तिक मत रात्री मोबाइलवर मागवून घेतो. 'मला असे वाटते की' एवढे शब्द अधोरेखित करावेत, अशी खास सूचना असते, म्हणजे विद्यार्थ्याला खरोखरच काही वाटले आहे याविषयी परीक्षकाची खात्री पटते. ज्या राज्यात एका पुढाऱ्याचे मत एका आठवड्याच्या मुदतीत कायम राहत नाही, तेथे ऐंशी नागरिकांचे मत स्वल्पविरामासह जुळवून देणे हे सामान्य कर्तृत्व नव्हे. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद या वर्गांनीही यथाशक्ति साजरा केला. पुढच्याच वर्षी परीक्षा नेहमीपेक्षा दहा दिवस आधी, २१ फेब्रुवारीस, सुरू झाली आणि पहिलाच पेपर मराठीचा होता. त्यामुळे २७ तारखेस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, त्यांच्या नाशकात मराठी भाषेचा गौरव होत असताना दहावीच्या मुलांची मराठी संपून सहा दिवस झाले होते.

सरकारही या बाबतीत गाफील नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ च्या जानेवारीत जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सोळा वर्षांखालील मुलास कोचिंग वर्गात प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी, असा तपशील आहे. वाचून आम्हांस गहिवरून आले. तीन मुलांच्या बाकावर पाच मुले बसतात तेथे चौरस मीटरचे गणित हे भूमितीच्या सरावासाठी उपयुक्तच आहे. आणि सुट्टीत चालणाऱ्या वर्गाने साप्ताहिक सुट्टी द्यावी, म्हणजे सुट्टीला सुट्टी द्यावी, ही कल्पना तर वेदान्ताच्या कोटीतील आहे.

खरा विस्मय वाटतो तो पालकांविषयी. पहाटेच्या कडाक्यात निफाड-दिंडोरीकडून मुलाला दुचाकीवर मागे बसवून शहरात आणणारे कित्येक बागायतदार आम्ही पाहतो. ऑक्टोबरात छाटणी केलेल्या द्राक्षवेलीचा घड गोड होण्यास सुमारे चार महिने लागतात, आणि घाई केली तर माल आंबट निघून व्यापारी तो बांधावरच नाकारतो, हे या गृहस्थांस कोणी सांगावयास नको. तेच गृहस्थ क्लासच्या खिडकीशी उभे राहून, पंधरा दिवसांत मूल पिकवून देण्याच्या बोलीवर, एकरकमी शुल्क भरून पावती घडी घालून खिशात ठेवतात. परंतु त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ती पावती विद्येची नसतेच; उद्या निकाल काहीही लागो, 'आम्ही आमच्या परीने सर्व केले' असे म्हणण्याचा तो रीतसर परवाना असतो, आणि त्या दृष्टीने तो मुळीच महाग नाही.

आमच्या दरखास्तीत एकच पुरवणी कलम होते. पंधरा दिवसांत जे डोक्यात भरले, ते परीक्षेनंतर तितक्याच दिवसांत शास्त्रशुद्ध रीतीने रिकामे करून देणारा एक विस्मरणवर्ग याच संस्थांनी उघडावा, अशी आमची विनंती होती. एका क्लासचालकांनी ती नम्रपणे नामंजूर केली. विसरण्याचे काम मुले घरच्या घरी आणि विनाशुल्क उत्तम करतात, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय दहावीच्या शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दालनात अकरावीची जेईई-नीटची फाउंडेशन बॅच सुरू होत असल्याने जागा मोकळी नाही. तिचे माहितीपत्रक त्यांनी आम्हांस दिले. पहिले पंधरा दिवस दहावीच्या उजळणीसाठी राखून ठेवले असून त्यांचे शुल्क निराळे आहे.