सगळं कसं ओक्के

ऱ्हस्व-दीर्घापायी हातावर छड्या खाल्लेल्या माझ्या पिढीला ही गोष्ट कुणीतरी वेळेवर सांगायला हवी होती. जगाच्या पाठीवर कुठेही चालणारा शब्द म्हणजे ‘ओके’, आणि तो चक्क अशुद्धलेखनाच्या पोटी जन्माला आलाय.

झालं असं, की १८३० च्या दशकाअखेर बॉस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना आद्याक्षरांचं खूळ लागलं. नुसत्या आद्याक्षरांनी भागेना, म्हणून आधी स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं आणि मग त्याची आद्याक्षरं घ्यायची. ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’ व्हायचं. त्याच चालीवर ‘ऑल करेक्ट’चं ‘ओ. के.’ झालं आणि २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आलं. म्हणजे ‘सगळं बरोबर’ हे सांगणारा शब्दच दोन्ही अक्षरांत चूक! बिचाऱ्यांनी नीट लिहिलं असतं, तर आज आपण फोन ठेवताना ‘एसी, एसी’ म्हणत असतो.

बाकीची थट्टेतली आद्याक्षरं लवकरच विरली. ‘ओके’ला मात्र निवडणूक पावली. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे राहिले. गाव किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ केलं आणि ठिकठिकाणी ‘ओके क्लब’ काढले. विरोधकही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी आवई उठवली, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, तेच कागदांवर ‘ओके’ असा शेरा मारत. व्हॅन ब्यूरेन पडले. शब्द निवडून आला.

शब्द मोठा झाल्यावर वारसदार गोळा व्हायला वेळ लागत नाही. ग्रीक म्हणाले, हे आमचं ‘ओला काला’. स्कॉटिश म्हणाले, आमचं ‘ऑख आय’. कुणी हैतीच्या रमचं नाव घेतलं, कुणी ओबडाया केली नावाच्या रेल्वे कारकुनाचं. पुढचे एक राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा कौल चोक्टॉ या मूळच्या अमेरिकन भाषेला; ते कागदांवर त्या हिशेबाने ‘ओके’चं वेगळंच स्पेलिंग लिहीत. शेवटी अ‍ॅलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४ मध्ये बॉस्टनचा दाखला पुढे ठेवला. पण एवढ्या कर्तबगार शब्दाचा जन्म एका पांचट विनोदातून झाला, हे लोकांच्या पचनी पडत नाही. आमच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी तर ‘ओके’ थेट ओंकारापर्यंत नेऊन भिडवलाय. अनुस्वार विलायतेच्या थंडीत गळाला म्हणे!

आपल्याकडे या शब्दाची खरी प्रतिष्ठापना ट्रकच्या पाठीवर झाली. डाव्या कोपऱ्यात ‘हॉर्न’, उजव्या कोपऱ्यात ‘प्लीज’, आणि मधोमध, बहुतेकदा एखाद्या कमळाच्या किंवा मोराच्या सोबतीने, ठळक ‘ओके’. हॉर्न वाजवायची विनंती समजली. पण ओके कोण? ट्रक, ड्रायव्हर, की मागून येणारे आपण? यावरही डझनभर उपपत्ती आहेत आणि प्रत्येक सांगणारा शपथेवर सांगतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने या मजकुरावर बंदी घातली. त्या मजकुरामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणे. जणू ट्रकवर लिहिलेलं वाचूनच आपला माणूस हॉर्नला हात घालतो!

पुढे २०२२ मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून फोनवर ‘ओक्केमधी’ म्हटलं आणि बॉस्टनच्या त्या शब्दावर सांगोल्याचा शिक्का बसला. मला विचाराल तर मूळ शब्दापेक्षा हा जोडाक्षरवाला अवतार जास्त प्रामाणिक आहे. त्यात निदान जेवणखाण व्यवस्थित झाल्याचा पुरावा तरी आहे.

साध्या ‘ओके’त मात्र जन्माची खोड अजून टिकून आहे. तो जेव्हा जेव्हा सगळं बरोबर असल्याचं सांगतो, तेव्हा कुठेतरी काहीतरी चुकलेलं असतंच. बायकोचा मेसेजमधला ‘ओके.’ घ्या. पुढचा पूर्णविराम पाहिला, की मी येताना चाफेकळीचा गजरा घ्यावा की मुकाट डबा धुवावा, याचा विचार सुरू करतो. आणि परवा आलेले प्लंबर. पान्हा पिशवीत टाकला, हात पँटला पुसले, पैसे मोजून वरच्या खिशात ठेवले आणि दारातून म्हणाले, “काम एकदम ओके साहेब. फक्त नळ सोडू नका.”