थेऊरच्या अलीकडे

वऱ्हाडात मे महिना लागला, की अमरावतीच्या रुक्मिणीनगरात नाहीतर अकोल्याच्या जठारपेठेत, खडखडणाऱ्या कुलरसमोर या काकू हमखास सापडतात. निवृत्त शिक्षिका, मांडीवर ‘स्वामी’. माधवराव पेशवे आणि रमाबाईंवरची रणजित देसाईंची ही कादंबरी आली 1962 साली. काकूंना ती मिळाली मॅट्रिकच्या सुट्टीत, वाचनालयातली, पुठ्ठा निघालेली. आता प्रत घरची आहे. तिचाही पुठ्ठा निघाला आहे.

तेव्हा त्या रमाबाई होत्या. वर्गातल्या निम्म्या मुली रमाबाईच होत्या. माधवराव मात्र कुठं मिळेनात. पुढं बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी असलेलं स्थळ आलं, त्यावर भागवलं.

आता काकूंनी पक्ष बदलला आहे. माधवराव गेले ते सत्ताविशीत, म्हणजे काकूंच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. त्यामुळे प्रेम राहिलं बाजूला, काळजीच फार. ‘एवढा ताप असतानी पोट्टं मोहिमेवर कायले जाते वं?’ असं त्या शेजारणीला विचारतात. आणि माधवरावांची आई गोपिकाबाई! जिच्या नावानं एकेकाळी बोटं मोडली, तिच्याबद्दल घरात सून आल्यापासून ‘तिचंबी काही चुकत नव्हतं म्हना’ असा सूर लागतो. माधवराव जिथं गेले ते 18 नोव्हेंबर 1772 चं थेऊर जवळ आलं, की मात्र काकू पुस्तक मिटून कैऱ्या चिरायला उठतात.

‘राऊ’ची गोष्ट वेगळी. ना. सं. इनामदारांच्या या कादंबरीवरून 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ निघाला. पडद्यावर काशीबाई आणि मस्तानी जोडीनं पिंगा घालू लागल्या, तशा काकू भर थिएटरात म्हणाल्या, ‘हे कोन्त्या पानावर हाय?’

पुणेकर व्याह्यांना त्या बजावतात, कादंबरीकार गोनीदा जन्मले आमच्या परतवाड्याला आणि जिजाऊ सिंदखेडराजाला. बरोबरच आहे. पण काकूंची एक तक्रारही रास्त आहे. नोव्हेंबर 1803 मध्ये अकोल्याकडच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, 15 डिसेंबरला इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. एवढा ऐवज घराजवळ असून त्यावर खपाऊ कादंबरी लिहिली कुणी, तर बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रजानं! तिचा नायकही अर्थातच गोरा.

मराठीत कुणी बेनीसिंगावर लिहायला बसणार असेल, तर काकूंची पहिली प्रत आत्ताच नोंदवून घ्यावी. अटी दोनच: पानं पाचशेच्या खाली नकोत आणि नायकाला ताप नको.